प्रश्न आपले : कासवांच्या गावाला जाताना

गेल्या अंकात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावच्या कासव महोत्सवावर एक छोटे टिपण आले होते. त्यानंतर नाशिक शहरातून आणि तालुक्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर किनाऱ्यावरचे निसर्गरक्षण आणि तेथे जाणारे पर्यटक या एकाच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरातील सोसायटीतून मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाळीस जणांची बस घेऊन वेळासला जायचे ठरत आहे. एवढ्या माणसांच्या जाण्याने कासवांना त्रास होईल का? आणि आमच्या जाण्याचा त्या गावाला खरोखर काही उपयोग होतो का, की आम्ही केवळ गर्दी वाढवतो? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्यातच दडलेले आहे.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, बाणकोटच्या खाडीजवळचे लहान गाव आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या तेथे अंडी घालण्यासाठी येत आल्या आहेत. पण पूर्वी ती अंडी बहुधा उकरून नेली जात, काही खाण्यासाठी, काही विकण्यासाठी, आणि जी माणसांच्या हाती लागत नसत ती कुत्रे आणि कोल्हे फस्त करीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तेथे घरट्यांचे रक्षण सुरू केले. मला या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की बाहेरून पहारेकरी आणून गावावर बसवले गेले नाहीत. वाळूवरच्या खुणा ज्यांना वाचता येत होत्या अशा गावातल्याच माणसांकडे काम सोपवले गेले. महोत्सव सुरू झाला तो २००६ साली, म्हणजे राखणीला चार हंगाम उलटल्यानंतर. पाहुणे आले तेव्हा दाखवण्यासारखे काही किनाऱ्यावर होते आणि ते कसे दाखवायचे याची शिस्तही गावाच्या अंगवळणी पडलेली होती. पुढे वन विभाग आणि कांदळवनांसाठी, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडीसाठी, असलेला त्याचा कांदळवन कक्ष या कामात आले आणि आज रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या किनाऱ्यांवर ‘कासवमित्र’ म्हणून ओळखली जाणारी गावकरी मंडळी पहाटेची गस्त घालतात.

ही गस्त काय असते ते आपल्या सोबत्यांना जाण्यापूर्वी अवश्य सांगा, म्हणजे तेथे पोहोचल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतील. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा मडक्यासारखा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून ती जागा स्वतःच्या अंगाने दाबते आणि समुद्रात निघून जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. मागे राहतो तो तिच्या चालण्याचा माग, जो लांबून पाहिला तर ओल्या मातीतून ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखा दिसतो. उजाडण्यापूर्वी कासवमित्र तो माग धरून घरटे शोधतो, अंडी एकेक करून काढतो आणि किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतो. हे सारे पहिल्या काही तासांतच करावे लागते, कारण पुढे आतला गर्भ कवचाच्या आतील बाजूला चिकटतो आणि मग अंडे नुसते उलटे झाले तरी तो मरू शकतो. त्यानंतर ४५ ते ६० दिवस वाट पाहायची. मुदत भरत आली की घरट्यावर टोपली पालथी घालतात, ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात आणि पिल्ले वर आलेली असली तर समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे उरलेली वाट ती स्वतः चालून जातात.

आता आपल्या चाळीस जणांविषयी. दोरीच्या मागे शांत उभ्या राहिलेल्या चाळीस माणसांचा पिल्लांना उपद्रव होत नाही. उपद्रव होतो तो रात्री किनाऱ्यावर भटकण्याने, कारण अंडी घालायला वर आलेली मादी हालचाल आणि उजेड पाहून तशीच परत फिरते. विजेऱ्यांनी आणि मोबाइलच्या फ्लॅशने, कारण पिल्ले ज्या दिशेला उजेड अधिक त्या दिशेला जातात आणि निसर्गात ती दिशा मोकळ्या समुद्राची असते. आणि वाळूत टाकलेल्या खाण्याने, कारण त्याच्या वासाने कुत्री येतात आणि मग ती तेथेच रेंगाळतात. किनाऱ्यावरच्या एका गावी, त्याचे नाव येथे घेत नाही, लवकर पोहोचण्याच्या घाईत कोणीतरी गाडीचे दिवे समुद्राच्या बाजूला लावून ठेवले होते आणि सोडलेल्या पिल्लांपैकी काही वळून त्या दिव्यांकडे चालू लागलेली मी पाहिली आहेत. गाडीवाल्याला कोणी सांगेपर्यंत त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. म्हणून हे सारे बसमध्येच सांगून ठेवावे, किनाऱ्यावर उतरल्यावर नव्हे.

गावाला उपयोग होतो का, याचे उत्तर मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. नाशिकहून सोसायटीची सहल निघाली की बरोबर आचारी, शिधा, बिसलेरीचे खोके आणि थर्माकोलच्या पत्रावळी घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तसे करून आपण वेळासला गेलात तर गावाला मागे उरेल तो केवळ कचरा. तेथे मोठी हॉटेले नाहीत. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या आहेत आणि जेवणही घरच्याच चुलीवर होते. आपण दिलेले पैसे ज्या बाईच्या हाती पडतात, तिचाच शेजारी पहाटे किनाऱ्यावर गस्त घालत असतो. तेव्हा आचारी घरी ठेवा, किती ताटे लागतील ते आठ दिवस आधी कळवा, आणि शक्य असेल तर चाळीस जणांच्या दोन तुकड्या करून वेगवेगळ्या आठवड्यांत जा. लहान गावाच्या विहिरी आणि अरुंद रस्ते यांना वीस पाहुणे सहज पेलतात, चाळीस पेलताना ओढाताण होते. पाण्याची बाटली प्रत्येकाने घरून भरून घ्यावी आणि रिकामी झालेली परत आणावी.

मार्च हा महिना योग्य आहे. अंडी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घातली जातात आणि पिल्ले साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बाहेर येतात. तरीही तारीख ठरवण्याआधी गावात फोन करून त्या आठवड्यात किती घरट्यांचे पन्नास दिवस भरत आहेत ते विचारा. मार्ग कसारा घाट, पनवेल, माणगाव, गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा आहे. शेवटचा टप्पा वळणांचा आणि अरुंद असल्याने पहाटे निघून उजेडातच गावात पोहोचावे.

प्रश्न : गेल्या वर्षी वेळासला दोन दिवस राहूनही आम्हाला एकही पिल्लू दिसले नाही आणि मुले फार हिरमुसली. किनाऱ्यावर दुसऱ्या एका ठिकाणी ‘पिल्ले हमखास दाखवतो’ असे सांगतात, असे कळले. पुढच्या खेपेला तेथे जावे का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : कृपया जाऊ नका, आणि का जाऊ नये ते मुलांनाही नीट समजावून सांगा.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडासा साठा शिल्लक असतो. त्या शिदोरीवर ते वाळूतून वर येते, समुद्र गाठते आणि त्यानंतर जवळजवळ अखंड पोहत किनाऱ्यापासून दूर खोल पाण्याकडे जाते, कारण उथळ पाण्यात मासे आणि पक्षी त्याला टिपण्यासाठी टपलेले असतात. हा पोहण्याचा झपाटा पहिल्या एक-दोन दिवसांचाच असतो. आता ‘हमखास दाखवायचे’ म्हणजे काय करावे लागेल ते पाहा. पहाटे वर आलेली पिल्ले दुपारच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी टबात किंवा बादलीत राखून ठेवावी लागतील. तेथे ती पाय मारीत राहतात आणि ज्या बळावर त्यांनी समुद्र पार करायचा ते बळ टबातच खर्ची पडते. लहान पिल्लांपैकी हजारात एखादेच मोठे होऊन अंडी घालण्यापर्यंत पोहोचते असा अंदाज नेहमी सांगितला जातो. इतक्या बिकट हिशेबात पाहुण्यांच्या समाधानासाठी आणखी घट करणे कोणत्याही अर्थाने रक्षण ठरत नाही.

घरटे कोणत्या दिवशी उघडेल हे वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असते आणि पिल्लू नर होणार की मादी हेही तीच उष्णता ठरवते. वाळू जितकी तापलेली तितक्या माद्या अधिक. म्हणजे हा सारा कारभार मुळातच कोणाच्या वेळापत्रकात बसणारा नाही. जे गाव ‘आज काही नाही, संध्याकाळी पुन्हा पाहू’ असे स्पष्ट सांगते त्या गावावर अधिक विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे.

आणखी एका कारणाने हे महत्त्वाचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. त्याच हंगामात कोकणच्या इतर किनाऱ्यांवरही अशी यंत्रे बसवली गेली, जेणेकरून या माद्या पुढे कोठे जातात ते कळावे. त्याहून नवलाची गोष्ट २०२५ च्या जानेवारीत घडली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावर लाखोंच्या संख्येने एकत्र येणारी कासवे आणि आपल्याकडे एकेकटी येणारी कासवे यांचा काही संबंध नाही असे पुष्कळांना वाटत असे. या एका मादीने त्या समजाला धक्का दिला. एखाद्या मादीचा किनारा कोणत्याही एका गावाच्या मालकीचा नसतो. म्हणूनच एका ठिकाणचा चुकीचा व्यवहार दुसऱ्या ठिकाणच्या पहाटेच्या गस्तीचे फळ हिरावून घेतो.

मुलांची निराशा मी समजू शकते. पुढच्या वेळी दोन दिवसांऐवजी तीन दिवसांची सवड काढा, कासवमित्रांबरोबर पहाटे चालण्याची परवानगी मिळते का ते विचारा, सावित्री नदीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला दाखवा आणि नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळासच, हेही सांगा. पिल्लू दिसले नाही तरी वाळूवर मादीचा ताजा माग दिसला, तर तो त्यांच्या लक्षात राहील.

प्रश्न : संरक्षित क्षेत्र म्हटले की गरीब मच्छीमारांवर बंधने येतात आणि शहरातल्या माणसांना सहलीची सोय होते. आपल्या टिपणात ही बाजू आली नाही. निसर्गाच्या नावाने किनाऱ्यावरच्या माणसाने आपले पोट का मारावे? (एक निवृत्त प्राध्यापक, मालेगाव)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि टिपणात ही बाजू यायला हवी होती.

याचे आपल्या राज्यातले सर्वांत बोलके उदाहरण मालवणचे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत, समुद्री शेवाळांच्या बागा आहेत आणि माशांची समृद्ध पैदास होते, हे लक्षात घेऊन १९८७ साली तेथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासे पकडणाऱ्या माणसांना विश्वासात घेऊन हे झाले नाही, अशी त्यांची भावना झाली. आपली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, आता कोठे ओढायची, होडी कोठून न्यायची, हे कोणी विचारले नाही म्हणून त्यांनी विरोध केला, आणि तो विरोध एका-दोन वर्षांचा नव्हता, काही दशके टिकला. कागदावर अभयारण्य आणि किनाऱ्यावर अविश्वास, अशी ती स्थिती झाली. प्रवाळांचे रक्षण त्यामुळे सोपे झाले असे कोणी म्हणू शकणार नाही.

याच पाण्यात नंतर स्कूबा आणि स्नॉर्केलिंग आले. त्यातून अनेक स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण पोहता न येणारा पाहुणा घाबरून प्रवाळावर उभा राहतो, आणि होडीचा नांगर प्रवाळावर पडला की कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. रापणकरांची तक्रार निराळी आहे. ज्या वाळूवर रापण ओढायची ती वाळू पाण्यातल्या खेळांच्या होड्यांनी व्यापली की त्यांना जागा उरत नाही. म्हणजे पर्यटनाचा पैसा गावात आला तरी तो गावातल्या कोणाकडे आला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि जो पारंपरिक मच्छीमार लहान होडी आणि हातजाळे वापरतो त्याच्यावर निर्बंध घालायचे, पण माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या झोतात मासे उपसणाऱ्यांकडे काणाडोळा करायचा, हे तर सरळ सरळ अन्यायाचे आहे. मच्छीमार संघटना हे वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत आणि त्यांचे म्हणणे खरे आहे.

मग पोट आणि रक्षण यांची सांगड बसतच नाही का? बसते, आणि तिची काही ठोस उदाहरणे आहेत. समुद्रात जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा असा संरक्षित प्राणी अडकला तर त्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराला स्वतःचे जाळे कापावे लागते. ते जाळे त्याच्या हंगामाचे भांडवल असते. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्य शासनाने अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. त्यात मच्छीमाराने प्राणी सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रण सादर करायचे असते. हजारो रुपयांच्या नुकसानीचा भार एकट्या मच्छीमारावर टाकायचा नाही, हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते.

दुसरे उदाहरण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचे. तेथे ‘स्वामिनी’ या बचत गटातल्या स्त्रिया पाहुण्यांना होडीतून कांदळवनात नेतात. होडी त्या स्वतः वल्हवतात, इंजिन लावत नाहीत, त्यामुळे पक्षी उडून जात नाहीत आणि पाण्यात तेलही पडत नाही. ज्यांच्या घरांत आजवर मासेमारीचेच उत्पन्न होते, त्यांच्या हाती या सफरीने स्वतःचा पैसा आला. कांदळवन तोडले तर आपला धंदा बुडेल, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. २०१७ साली राज्याने कांदळवन संरक्षणाला उपजीविकेची जोड देणारी योजना आणली. तिच्यात खेकडापालन, पिंजऱ्यातले जिताडा माशाचे पालन, निसर्ग पर्यटन अशा उद्योगांसाठी गटांना खर्चाच्या ९० टक्के रक्कम शासन देते आणि उरलेली गटाने घालायची असते.

मला स्वतःला या साऱ्यातून एकच कसोटी हाती लागते. किनाऱ्यावरच्या गावाला ‘नको’ म्हणता येते का? पाहुणे किती यावेत, कोणत्या महिन्यात येऊ नयेत, कोणत्या वाळूवर पाऊल टाकू नये, हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे असेल तर त्या पर्यटनाला मी गावाचे पर्यटन म्हणेन. केवळ गावातली माणसे वाढपी आणि वल्हवणारी म्हणून कामाला असली आणि निर्णय दुसरीकडे होत असले, तर त्याला तसे म्हणता येणार नाही. कायद्यात यासाठी वाट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ आणि ‘समुदाय राखीव’ अशी दोन नवी क्षेत्रे निर्माण केली. पहिले शासनाच्या जमिनीवर स्थानिकांशी चर्चा करून, दुसरे गावाच्या किंवा खासगी जमिनीवर लोकांच्या इच्छेने. आपल्या नाशिकजवळचे बोरगड हे महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ साली जाहीर झालेले. तेथील उजाड डोंगर पुन्हा हिरवा होण्यामागे आसपासच्या आदिवासी गावांची राखण आहे, हे आपण एकदा जाऊन पाहावे.

प्रश्न : किनाऱ्यावरून मुलांनी चार शंख-शिंपले आणले तर काय बिघडते? आणि वाळूवर जीप चालवण्यास बंदी असावी असे आपल्याला वाटते का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : रिकामा दिसणारा शंख पुष्कळदा शंखातल्या खेकड्याचे घर असतो आणि त्याला दुसरे घर सहज मिळत नाही; शिवाय काही शंख वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. मुलांना शंख हातात घेऊन पाहू द्या, त्याचे चित्र काढू द्या आणि तेथेच ठेवायला सांगा. जीपच्या बाबतीत होय, बंदी असावी. चाकाखाली वाळू दबली की खालचे घरटे चिरडते किंवा पिल्लांना वर येता येत नाही, आणि चाकांच्या चरांत पिल्लू पडले तर ते त्या चरातच लांबवर चालत राहते, समुद्राकडे वळू शकत नाही.

प्रश्न : मी अकरावीत शिकते. मला कांदळवन पाहायचे आहे, पण कोकण लांब आहे आणि आई-बाबांना फक्त एक रविवार मोकळा आहे. (एक विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : तुला ऐरोलीला जाता येईल. ठाणे खाडीच्या काठी तेथे वन विभागाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि भरतीची वेळ पाहून होडीतून सफर करता येते. २०१५ साली ही खाडी रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२ साली तिचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाला. हिवाळ्यापासून मेपर्यंत तेथे हजारो रोहित असतात. होडीची जागा आधी राखून ठेव.

जाण्यापूर्वी तीन झाडे ओळखायला शीक. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली असतात, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखे लोंबते, म्हणजे चिखलात पडताच ते उभे राहू शकते. तिसरी पांढरी चिप्पी. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष घोषित केले, आणि असा वृक्ष ठरवणारे हे देशातले पहिले राज्य. ही झाडे ओळखता आली तर रोहित न दिसलेल्या दिवशीही तुझा रविवार वाया जाणार नाही.

प्रश्न : आमची शाळा नांदूर मधमेश्वरपासून जवळ आहे. वेळासप्रमाणे आमच्याकडेही पक्षी महोत्सव मोठा करावा, अशी गावातल्या तरुणांची इच्छा आहे. किनाऱ्यावरच्या गावांकडून आम्ही काय घ्यावे? (एक शिक्षक, निफाड तालुका)

उत्तर : गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरची आपली ही जागा १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा हीच. तेथल्याच चापडगावच्या तरुणांनी दुर्बीण गळ्यात अडकवून पाहुण्यांना पक्षी दाखवण्याचे काम हाती घेतले आहे, त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यामुळे आपल्याला शून्यापासून आरंभ करायचा नाही.

वेळासकडून घ्यायचा असेल तर महोत्सवाचा मंडप घेऊ नका, कामाचा क्रम घ्या. तेथे आधी चार हंगाम राखण झाली आणि मग पाहुण्यांना बोलावणे गेले. नांदूर मधमेश्वरला राखण कशाची करायची, हा प्रश्न तरुणांपुढे ठेवा. माझ्या मते ती पाण्याची करावी लागेल. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीत मिसळते, ते वाहत आपल्या बंधाऱ्यात येऊन थांबते आणि त्यावर पाणवेल माजते. पाणवेलीने पाणी झाकले की बदकांना पोहायला आणि चरायला जागा राहत नाही. आपले पाहुणे बहुतांशी नाशिकहूनच येतात. म्हणजे ज्यांच्या घरातले पाणी आपल्याकडे घाण होऊन पोहोचते तीच माणसे रविवारी पक्षी पाहायला येतात. त्यांना पक्षी दाखवताना पाणवेलही दाखवावी आणि ती कोठून आली ते सौम्यपणे पण स्पष्ट सांगावे. वेळासच्या कासवमित्रांना ही संधी नाही. अंडी उकरणारे आणि महोत्सवाला येणारे तेथे निराळे होते.

त्याबरोबर शेतकऱ्यांना वगळून काही करू नका. बंधाऱ्याच्या पाण्याची आवर्तने, फुगवट्याखाली जाणारी जमीन, पिकावर उतरणारे पक्षी, हे त्यांचे रोजचे प्रश्न आहेत आणि महोत्सवाच्या बैठकीत ते पहिल्या रांगेत बसलेले असावेत. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला जैविक विविधता कायद्यानुसार नोंदवही ठेवावी लागते. ती शाळेच्या मदतीने खऱ्या अर्थाने भरली जाऊ शकते. मुलांनी दर आठवड्याला एकाच जागी उभे राहून पाणवेलीने पाण्याचा किती भाग झाकला आहे, पाण्याची पातळी कोठवर आहे आणि कोणते पक्षी दिसले, एवढेच लिहावे. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक कोणत्या आठवड्यात उतरले आणि कोणत्या आठवड्यात गेले हे एका वर्षाच्या नोंदीतही कळते. पहिल्या वर्षाची वही पूर्ण झाली की तिची एक प्रत या सदराकडे अवश्य पाठवा. आम्ही तिच्यावर स्वतंत्रपणे लिहू.